पालिकेचे तीन अंकी

मराठी माणूस नाटकवेडा आहे, हे विधान इतक्या वेळा छापून आले आहे की आता ते खोटे ठरणे कुणालाच परवडणार नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवात तळमजल्यावरच्या काकूंनी बसवलेल्या एकांकिकेचेसुद्धा आपल्याकडे जिन्यात उभे राहून परीक्षण होते, आणि ते काकूंच्या कानावर जाईल इतपत मोठ्या आवाजात होते. पण एक नाटक असे आहे की ज्याचा पडदा आमच्या पुण्यात १५ फेब्रुवारी १९५० रोजी वर गेला, ज्याचे प्रयोग महिन्याच्या महिन्याला ठरलेले असतात आणि ज्याचे तिकीट प्रत्येक घरमालकाकडून मिळकतकराच्या बिलात आगाऊ कापून घेतले जाते. या नाटकाचे नाव महानगरपालिकेची मुख्य सभा. याचे परीक्षण मात्र कुणी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'पाणीप्रश्नावरून मुख्य सभेत गदारोळ' एवढे येते. हे परीक्षण नव्हे. ही पुढच्या प्रयोगाची जाहिरात झाली.

तेव्हा हे काम मीच अंगावर घेतो आहे. पात्रता विचाराल तर मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. नाट्यशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की मार्चअखेरीस आमच्या शाखेत जे चालते ते भरतमुनींनी पाहिले असते तर आठ रसांत त्यांचे भागले नसते. शिवाय या नाटकाची मूळ संहिता म्हणजे पालिकेचे अंदाजपत्रक. ते वाचायला कवीपेक्षा कारकून बरा. कवी आकड्यांच्या मागचा आशय शोधत बसेल. आम्ही आधी बेरीज करून पाहतो.

पुण्याच्या पालिकेचे आणि साहित्याचे नाते तसे जुने आहे. नगरपालिका स्थापन झाली १८५७ साली. ज्या वर्षी उत्तरेत लोक इंग्रजांविरुद्ध उठले होते, त्या वर्षी पुण्यात नगरपालिका बसली, यावर पुण्याबाहेरच्या लोकांनी काय म्हणायचे ते म्हणावे. साहित्यसम्राट न. चिं. केळकर या पालिकेचे अध्यक्ष होते. 'सुभाषित आणि विनोद' हा ग्रंथ त्यांनी अध्यक्ष होण्याआधी लिहिला. क्रम उलटा असता तर ग्रंथ आणखी जाड झाला असता, असे माझे नम्र मत आहे. आचार्य अत्रे याच पालिकेत सभासद म्हणून बसले. आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष होते, ज्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून लावलेले असे. अध्यक्षाने अंकगणिताचे पुस्तक लिहावे आणि पुढे शंभर वर्षांनी त्याच संस्थेच्या अंदाजपत्रकात जमेची बाजू खर्चाच्या बाजूला पाहून लिहिली जावी, यालाच आपण प्रगती म्हणतो.

आता परीक्षणाच्या शिरस्त्याप्रमाणे आधी नेपथ्य. नेपथ्य भव्य आहे. २०१८ च्या जूनमध्ये पालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाले. घुमट आहे, गोलाकार सभागृह आहे, खुर्च्या मऊ आहेत. उद्घाटनाच्या दिवशीच पाऊस आला, आणि बाहेर जागा असताना तो आतही आला. ज्या संस्थेने शहरभर पाणी पोचवायचे तिने पहिला नळ स्वतःच्या छतातून काढला, असे त्या वेळी टवाळ लोक म्हणाले. मी समीक्षक असल्यामुळे एवढेच नोंदवतो, की नेपथ्य कथानकाशी सुसंगत होते.

संहितेची भाषा खास आहे. मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेत 'करण्यात' हा शब्द सापडणार नाही. तिथे 'करणेत' असते. 'सदर विषयास मान्यता देणेत यावी.' मराठीतले सगळे व्याकरणकार हरले, पण हा 'णेत' गेला नाही. दुसरे वैशिष्ट्य कालगणनेचे. आपल्याकडे पळे, घटका, प्रहर वगैरे असतात. पालिकेत 'एक महिना पुढे' हे एकच माप असते. विषय एक महिना पुढे जातो, पुढच्या महिन्यात गेला की तिथूनही एक महिना पुढे जातो, आणि अशा रीतीने तो इतका पुढे जातो की शहर मागे राहते. तिसरे म्हणजे तहकुबी. सभा भरली, श्रद्धांजली वाहिली, सभा तहकूब. गेलेल्या माणसाविषयी मला पूर्ण आदर आहे; पण त्यालाही हयातीत कधी तरी पाण्याची तक्रार करायची असेल, आणि ती कार्यपत्रिकेवर पुढच्याच क्रमांकाला असेल, हा विचार मनातून जात नाही.

पात्रपरिचयात वेळ घालवत नाही. महापौर आसनावर असतात. सभागृहनेते त्यांना सांगतात, विरोधी पक्षनेते त्यांना विचारतात, आणि नगरसचिव त्यांच्या शेजारी बसून कायदा कुजबुजतात. नगरसचिवांचे काम प्रॉम्प्टरचे. फरक इतकाच, की रंगभूमीवर नट विसरला तर प्रॉम्प्टर सांगतो. इथे नटाला पाठच नसते. मधूनच कुणी पाणी नाही म्हणून रिकामा माठ घेऊन येतो, कुणी मानदंड पळवतो. मानदंड पळवून नेमके कुठे न्यायचा असतो, हे मला कधी कळलेले नाही. नेणाऱ्यालाही कळत नसावे, कारण तो दारापर्यंत जातो आणि फोटो निघाला की परत येतो.

पण हे सगळे वरचे रंगकाम झाले. खरे नाटक अंदाजपत्रकाचे, आणि ते तीन अंकी आहे.

पहिला अंक आयुक्तांचा. ते अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. याला 'वास्तववादी अंदाजपत्रक' म्हणण्याची चाल आहे. वास्तववादी नाटकाच्या पहिल्या अंकात प्रेक्षक जसे घड्याळ पाहतात, तसे समितीचे सभासद यातली आपल्या प्रभागाची पाने पाहतात.

दुसरा अंक स्थायी समितीचा. कायद्याने हिचे सभासद सोळा. त्यांनी अंदाजपत्रक तपासायचे, दुरुस्त करायचे आणि मुख्य सभेपुढे न्यायचे. दुरुस्ती म्हणजे वाढ, हा इथला संकेत आहे. उदाहरण देतो. २०२१-२२ साली आयुक्तांनी ७,६५० कोटींचे अंदाजपत्रक मांडले. स्थायी समितीतून ते बाहेर आले तेव्हा ८,३७० कोटींचे झाले होते. म्हणजे ७२० कोटींची वाढ. आमच्या शाखेत संध्याकाळी सात रुपये वीस पैशांचा फरक आला तर आम्ही साडेसातपर्यंत बसतो, घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगतो. इथे ७२० कोटींचा फरक आला आणि टेबलावर पेढे आले.

हे पैसे येतात कुठून? जमेच्या बाजूने. जमेची बाजू हा अंदाजपत्रकातला ललित विभाग आहे. थकबाकी वसूल होईल, नोंद न झालेल्या मिळकती सापडतील, बांधकाम परवानग्यांचे शुल्क वाढेल, सरकार अनुदान देईल. सगळी वाक्ये भविष्यकाळातली. आमच्याकडे एखादा खातेदार आला आणि म्हणाला, "पुढल्या वर्षी माझ्या खात्यात पैसे येणार आहेत, तेव्हा आजच चेक पास करा," तर आम्ही त्याला पाणी देऊन खुर्चीवर बसवतो आणि घरच्यांना बोलावून घेतो. पालिकेत त्याला हार घालतात.

पूर्वी निदान जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, पैसे पडायचे, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा व्हायचा. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. तो नीट पाठ होतो न होतो तोच १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पालिका राज्य सरकारच्या हप्त्याची वाट पाहू लागली. मिळवत्या मुलाने पगार वडिलांकडे द्यायचा आणि मग बसभाड्याला पैसे मागायचे, तसे झाले. अशा मुलाने हिशेब जास्त जपून लिहायला हवा. तो हॉटेलचे बिलसुद्धा भविष्यकाळात लिहायला लागला.

तिसरा अंक मुख्य सभेचा. यात भाषणे होतात. सत्ताधारी बाकांवरून अंदाजपत्रक 'शहराच्या विकासाला दिशा देणारे' असते आणि विरोधी बाकांवरून तो 'केवळ आकड्यांचा खेळ' असतो. निवडणुकीनंतर बाके बदलतात. वाक्ये मात्र तिथेच ठेवून जातात, भाड्याच्या घरातल्या खिळ्यांसारखी. बाकीचा वेळ प्रत्येक सभासद आपल्या प्रभागाविषयी बोलतो. साऱ्या शहराविषयी बोलणारा सभासद दिसला तर तो पुढच्या खेपेला विधानसभेला उभा राहणार असे समजावे.

या अंकातले सर्वांत लोकप्रिय पात्र म्हणजे 'स' यादी. नगरसेवकाने आपल्या प्रभागात सुचवलेली कामे ती ही यादी. हिच्यातून पदपथ होतात, ड्रेनेज होते, हे मान्य. पण हिच्यातून बाकडी होतात, कापडी पिशव्या होतात, कचऱ्याच्या बादल्या होतात आणि नामफलक होतात. बाकड्याच्या पाठीवर 'यांच्या संकल्पनेतून' असे लिहिलेले असते. आणखी हजार वर्षांनी कुणी उत्खनन केले तर बसण्यासाठी बाक ही कल्पना मानवजातीला प्रथम एकविसाव्या शतकात, पुण्यात, प्रभागवार सुचली असा निष्कर्ष निघेल. मला बाकड्यांविषयी आकस नाही. निवृत्तीनंतर तिथेच बसायचे आहे. पण बसल्यावर टेकायचे ते नगरसेवकाच्या नावाला, आणि तेही मीच भरलेल्या पैशांतून रंगवलेल्या, एवढीच माझी तक्रार.

बाकड्यांना पैसे कमी पडले तर 'वर्गीकरण' असते. हा शब्द बाहेरच्यांना शाळेतला वाटेल. पालिकेत त्याचा अर्थ, एका कामाला मंजूर झालेले पैसे उचलून दुसऱ्या कामाला द्यायचे. मार्चमध्ये टाळ्यांच्या गजरात एखाद्या दवाखान्याला तरतूद होते आणि डिसेंबरात ती वर्गीकरणाने पायी चालत रस्त्याच्या डांबराकडे जाते. डांबरही हवेच, पण आमच्याकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे गेले तर कुणी तरी व्हाउचरवर सही करून 'का' ते लिहिते. त्या 'का'वर सभागृहात दहा मिनिटे चर्चा झाली तर मी या नाटकाला एक अंक वाढवून द्यायला तयार आहे.

आता दोषदिग्दर्शन. या नाटकाचा मोठा दोष गोंधळ हा नाही. गोंधळ कुठल्या संयुक्त कुटुंबात नसतो? दोष हा, की चर्चेची लांबी रकमेच्या उलट प्रमाणात असते. चौकाला नाव कुणाचे द्यायचे यावर तीन तास. कमानीचा रंग, स्वागताचा हार, अभ्यासदौरा, यांवर दोन तास. आणि पुढची दोन पिढ्यांची देणी चहाच्या आधी. २०१७ च्या जूनमध्ये पालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, देशभर कौतुक झाले. पालिकेने भीक न मागता बाजारात उभे राहून कर्ज काढावे, यात मला बँकवाल्याला वाईट काहीच दिसत नाही. पण कर्जाचे व्याज घड्याळाकडे पाहून धावते आणि योजना 'एक महिना पुढे' या मापाने चालते. २०२३ उलटले तरी त्या योजनेचे काम चालूच होते. हा विषय दर महिन्याला पहिल्या क्रमांकावर हवा होता. माठ फोडून नव्हे. 'आज किती टाक्या झाल्या, किती मीटर बसले, व्याज किती गेले' असे तीन आकडे विचारून. माठाचा आवाज मोठा होतो हे खरे, पण तो प्रशासनाला सोयीचा असतो. माठ फुटल्यावर उत्तर द्यावे लागत नाही. झाडून घ्यावे लागते.

नियमांच्या बाबतीतही तेच. शहराचा विकास आराखडा म्हणजे कुठे शाळा, कुठे बाग, कुठे रस्ता याचा नियम. जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा होता २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा. त्यावर नागरिकांच्या हजारो हरकती आल्या, मुख्य सभेत महाभारत झाले, मुदतीत निकाल लागेना, तेव्हा २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आपल्या हातात घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. म्हणजे वीस वर्षांच्या लग्नातली पहिली दहा वर्षे पत्रिका जुळवण्यात गेली, आणि मुहूर्त शेवटी शेजाऱ्याने काढला. आपले काम आपण वेळेत केले नाही की दुसरा ते करतो, आणि मग आपल्याला विचारून करत नाही. हे सभागृहाने त्या वेळी ध्यानात घेतले असते तर पुढचा प्रयोग कदाचित इतका धक्का देणारा वाटला नसता.

पुढचा प्रयोग एकपात्री होता.

१४ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेले २४३-यू कलम सांगते, की पालिकेची मुदत पाच वर्षे आणि पुढची निवडणूक ती संपण्याआधी. पण इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते, आणि 'एक महिना पुढे' हे माप आता राज्यभर लागू झाले होते. आयुक्त हेच प्रशासक झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे तिन्ही अंक एकाच नटाने केले. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक तयार करायचे, स्थायी समिती म्हणून ते तपासायचे, मुख्य सभा म्हणून मान्य करायचे. सूचक तेच, अनुमोदक तेच. विरोध कुणाचाच नाही. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द इतके अक्षरशः खरे आपल्याकडे पूर्वी कधी झाले नसतील. यात त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तींचा दोष नाही. कायद्याने एकाच माणसाला तीन टोप्या दिल्या तर त्याने तरी किती वेळा मान हलवायची?

आमचे हेड कॅशियर या काळात फार खुशीत होते. "बघा," ते म्हणायचे, "ना गोंधळ, ना माठ, ना बाकडी. कामं होतायत की नाही? मी तर म्हणतो, हे असंच चालू दे."

"साहेब, ज्या वर्षी आपल्याकडे ऑडिटर येत नाही," मी म्हटले, "त्या वर्षी शाखा अशीच शांत असते."

त्यावर त्यांनी चहा मागवला. कॅशियर लोकांत याला शरणागती म्हणतात.

आता पुन्हा आकडे पाहू, कारण समीक्षा पुराव्यावर हवी. अंदाजपत्रक फुगते ते नगरसेवकांमुळे, असा आपला सर्वांचा सिद्धान्त. नगरसेवक नसताना २०२३-२४ चे अंदाजपत्रक ९,५१५ कोटींचे झाले आणि २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे. दोन वर्षांत ३,१०३ कोटी. शहर वाढते, गावे आत येतात, खर्च वाढतो. वाढीत गैरच आहे असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की ७२० कोटी वाढले तेव्हा विरोधी बाकावरून कुणी तरी उभे राहून 'कुठून आणणार?' असे ओरडले असते. ते राजकारण म्हणून ओरडले असते, उद्याच्या पेपरसाठी ओरडले असते, कदाचित माइक बंद असताना ओरडले असते. पण ओरडले असते. ३,१०३ कोटींना ओरडायला बाकावर कुणी नव्हते. खुर्च्या मात्र मऊ होत्या.

आणि ज्यांना हे नाटक कधी पाहायलाच मिळाले नाही, त्यांचे काय? ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुण्याच्या हद्दीत आली. त्यामुळे क्षेत्रफळाने पुणे मुंबईच्याही पुढे गेले, आणि आम्हा पुणेकरांना त्या दिवशी जेवण गोड लागले. पण गावे आली, ग्रामपंचायती गेल्या, आणि आठनऊ महिन्यांत सभागृहही गेले. म्हणजे हातचा सरपंच सुटला आणि नगरसेवक अजून जन्माला यायचा होता. टँकर आला नाही तर पूर्वी ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते तो माणूस माजी झाला. त्याच्या जागी एक अर्ज आला, आणि अर्जाला ओटा नसतो. मिळकतकराचे बिल मात्र आले. चांगल्या नाटकावर टीका करणे सोपे असते, वाईट नाटकावर त्याहून सोपे. पण तिकीट कापून घेऊन थिएटरला कुलूप लावले तर कोणत्या शब्दांत परीक्षण लिहायचे, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.

मध्यमवर्गीय वाचक म्हणेल, नगरसेवकाशी आमचा काय संबंध? आम्ही सोसायटीत राहतो. तर त्याने आपले मिळकतकराचे बिल काढावे. स्वतः राहत असलेल्या घराला जी ४० टक्के सवलत मिळते, ती आकाशातून पडलेली नाही. पुणे पालिकेने १९७० साली केलेल्या ठरावातून ती आली. म्हणजे कुणी तरी सूचना मांडली, कुणी तरी अनुमोदन दिले, आणि आपण आज आपल्याच घरात थोडे स्वस्तात राहतो. मध्यंतरी ही सवलत गेली. २०२३ मध्ये ती राज्य सरकारच्या निर्णयाने परत आली, पीटी-३ नावाच्या अर्जाचा हात धरून. हा अर्ज भरायला आमच्या जिन्यातले निवृत्त लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन निघाले, तेव्हा 'हे कुणाला विचारायचे?' असे ते एकमेकांना विचारत होते. एरवी ज्याला विचारायचे त्याला ते 'काही कामाचा नाही' म्हणत आले होते. कामाचा नसलेला माणूससुद्धा विचारायला लागतो.

या नाटकात सगळ्यांत महत्त्वाचे पात्र कोणते, हे मी मुद्दाम शेवटी ठेवले. ते सत्ताधारी नव्हे, महापौर नव्हे, आयुक्त तर नव्हेच. ते पात्र म्हणजे इतिवृत्तात 'विरोध नोंदवला' असा ज्याचा उल्लेख येतो तो सभासद. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहराच्या सजावटीवर हजार रुपये खर्च करायचे घाटत होते, तेव्हा हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणून फुल्यांनी विरोध केला. पुढे मोठ्या खर्चाची नवी मंडई बांधायचे निघाले, तेव्हाही, हा पैसा आधी शिक्षणावर जावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई अर्थातच झाली. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे अत्रे पालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. बहुमताने बांधलेल्या इमारतीवर विरोध करणाऱ्याचे नाव आहे, आणि बहुमतातल्यांची नावे आज कुणाला पाठ नाहीत. 'यांच्या संकल्पनेतून' असे तिथे कुठे लिहिलेलेही नाही.

मंडई चुकीची होती असे मी म्हणणार नाही. कोथिंबीर मीही तिथूनच आणतो. पण लिटनसाहेबांच्या कमानी, पताका कुठल्या कुठे गेल्या, आणि हजार रुपयांवर घेतलेली हरकत अजून शिल्लक आहे. ती शिल्लक राहिली कारण तेव्हा एक सभा होती, तिथे उठून बोलता येत होते आणि बोललेले कुणी तरी लिहून घेत होते. तेव्हाची सभा काही आदर्श नव्हती. सरकारने नेमलेले सभासदही तिच्यात होते. तरी तेवढी सोय होती. चार वर्षांच्या एकपात्री प्रयोगात ठराव पुष्कळ झाले असतील, त्यातले काही उत्तमही असतील. हरकत मात्र एकही सापडणार नाही. शंभर वर्षांनी कुणी ती चार वर्षे उघडून पाहील तर त्याला वाटेल, पुण्यात त्या काळी कुणालाच कशाचे काही वाटत नव्हते. पुण्याची याहून मोठी बदनामी मला सुचत नाही.

तेव्हा अभिप्राय असा. संहिता सैल, लांबण फार, विनोद बराचसा अजाणता, नेपथ्य ओलसर, आकडे अविश्वसनीय. तरीही हे नाटक चालू राहिले पाहिजे. नव्या संचाला समीक्षकाच्या तीनच सूचना. जमेची बाजू गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेशेजारी छापावी, म्हणजे कल्पनाशक्तीला कंबरपट्टा राहील. वर्गीकरणाच्या प्रत्येक ठरावात 'का' लिहावे. आणि रकमेला जेवढी शून्ये, निदान तेवढी मिनिटे चर्चा करावी. एका कोटीत सात शून्ये असतात, हे कळायला गोखल्यांचे अंकगणित लागत नाही.

प्रेक्षकांना सूचना एकच. मुख्य सभा नागरिकांना पाहता येते. वर प्रेक्षकांसाठी बसायची जागा आहे. रजा टाकून एकदा जाऊन बसावे. हेड कॅशियरना मी विचारून पाहिले. ते म्हणाले, फुकट असले तरी एवढा वेळ कोण बसणार? मी त्यांना सांगितले, साहेब, फुकट नाही. एप्रिलमध्ये बिल भरले की आपण, ते तिकीटच होते.